भुतांचा चक्रव्यूह आणि धंद्याचे धडे

आपल्याकडे उपदेशाला कधीच तोटा नव्हता. आता तर त्याला कसलाही विषय चालतो. गीतेतून व्यवस्थापन शिकवून झाले, शिवाजी महाराजांच्या गडकोटांतून शिकवून झाले, मुंबईच्या डबेवाल्यांकडून तर परदेशी पाहुण्यांनाही शिकवून झाले. अलीकडे ही पंडितमंडळी ‘पॅक-मॅन’ नावाच्या खेळाकडे वळली आहेत. नाणे टाकून खेळायच्या यंत्रावरचा हा जुना खेळ. पण त्यात म्हणे धंद्याचे सारे मर्म साठवलेले आहे! मी पडलो शाळामास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, शिक्षण मॅट्रिकपुरते. व्यवस्थापनाची पदवी माझ्या भिंतीवर नाही. परंतु हा खेळ मी पोरवयात रुपया-रुपया घालून खेळलो आहे, आणि माणसे तर रोजच पाहतो. तेवढ्या भांडवलावर मी म्हणतो, की हे धडे खोटे आहेत. नुसतेच खोटे असते, तर दिवाळीच्या फराळात मी ही मिरची टाकली नसती. ते माणसांना बाधतात.

ज्यांनी खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पडद्यावर एक चक्रव्यूह असतो. त्यात एक पिवळे, वाटोळे, सतत चालणारे तोंड. वाटेवर 240 बारीक ठिपके आणि चार मोठ्या गोळ्या. सगळे गिळले की पुढची पातळी. मागे चार भुते लागलेली असतात. त्यांनी गाठले की जीव गेला. मोठी गोळी खाल्ली की भुते घटकाभर निळी पडतात, आणि मग शिकारच शिकाऱ्याला खाते. पहिल्या भुताला 200 गुण, दुसऱ्याला 400, मग 800, मग 1600.

आता पंडितांचे भाष्य ऐका. ठिपके म्हणजे रोजची उद्दिष्टे. एकही सोडायचा नाही. भुते म्हणजे प्रतिस्पर्धी. मोठी गोळी म्हणजे संधी. ती मिळताच प्रतिस्पर्ध्याला गिळावे. मधूनच दिसणारे चेरीचे फळ म्हणजे जादा नफा. ऐकायला झकास वाटते. कीर्तनातल्या दृष्टांतासारखे जागच्या जागी बसते. पण दृष्टांताचे एक असते: तो ओढून ताणून बसवला, की शिवण उसवते.

पहिली गोष्ट ही, की या चक्रव्यूहाच्या भिंती कधी हलत नाहीत. मूळ यंत्रातली भुते ठरलेल्या नियमांनीच चालतात. खेळाडूने तीच वळणे त्याच क्षणी घेतली, तर तीही बरोबर तशीच वागतात. म्हणून पट्टीचे खेळाडू वाटा तोंडपाठ करीत. या खेळात मिळू शकणारे जास्तीत जास्त गुणही मोजलेले आहेत: 33,33,360. पुढे 256 व्या पातळीवर यंत्राचा आकडाच ओसंडतो आणि अर्धा पडदा अक्षरांच्या कचऱ्याने भरून जातो. ज्याचा गल्ला आधीच मोजून ठेवला आहे आणि ज्याचे गिऱ्हाईक पाठ करता येते, असा बाजार मला कोणी दाखवावा. आमच्या गावचा कांदा-बटाट्याचा व्यापारी दर आठवड्याला नव्या भिंतीवर आपटतो. तो हे भाष्य ऐकून हसेल.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. या खेळात भूत गिळले, तरी त्याचे दोन डोळे शाबूत राहतात. ते लगबगीने मधल्या घरात जातात आणि भूत पुन्हा अंगाने बाहेर येते. बाजारात असे होत नाही. गिळलेला दुकानदार परत उगवत नाही. त्याच्यामागे त्याची बायको, मुले आणि उधारीची वही राहते. शिवाय चक्रव्यूहात त्या पिवळ्या तोंडाला सोबती कोण? कोणी नाही. ना पगार द्यायचा, ना कुणाची आजारपणाची रजा, ना दोन माणसांचे भांडण मिटवायचे. आता व्यवस्थापन म्हणजे मुळात माणसांकडून माणसांसारखे काम करून घेणे असेल, तर ज्या खेळात दुसरे माणूसच नाही, त्यातून ते शिकवायचे कसे?

आणि तिसरी गोष्ट तर पंडितांच्या ध्यानातच येत नाही. यंत्रासमोर उभा असलेला पोरगा हा धंदेवाला नसतोच. तो गिऱ्हाईक असतो! धंदा त्याचा, ज्याच्या पेटीत नाणे पडते. पातळ्या चढत जाव्यात तसा भुते निळी राहण्याचा वेळ एकंदरीत घटत जातो आणि एकोणिसाव्या पातळीपासून ती निळी पडतच नाहीत. ही काही नियतीची लीला नव्हे. खेळणारा कायमचा यंत्रापुढे उभा राहू नये आणि दुसरे नाणे पडावे, हा त्यातला रोकडा हिशेब आहे.

खरे धडे शिकायचे तर काचेच्या पलीकडे जायला हवे. ‘नामको’ ही जपानी कंपनी मासाया नाकामुरा यांनी 1955 साली सुरू केली, ती योकोहामातल्या एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवर मुलांसाठी दोन यांत्रिक घोडे ठेवून. त्याच कंपनीत तोरू इवातानी नावाचा एक तरुण नोकर होता. त्या काळी खेळघरांत जिकडे तिकडे अवकाशातल्या गोळीबाराचे खेळ आणि खेळायला पुरुषांचीच गर्दी. इवातानीने पाहिले ते आलेल्यांकडे नव्हे, न येणाऱ्यांकडे. बायका का येत नाहीत? जोडपी का येत नाहीत? मारामारी सोडून खाण्यावर खेळ काढला तर? 1980 साली पॅक-मॅन आला तो या प्रश्नांतून. माझ्या मते हा धडा शंभर ठिपक्यांच्या तोलाचा आहे. पण तो खेळून मिळत नाही, खेळ कसा घडला हे विचारून मिळतो.

त्याने भुतांचे काय केले तेही पाहा. चारी भुते सारखीच पाठलाग करू लागली, तर ती एका रांगेत येतील आणि मजा जाईल, हे त्याने ओळखले. म्हणून एक थेट मागे लागते, एक पुढे जाऊन वाट अडवते, तिसऱ्याचा नेम सांगता येत नाही, आणि चौथे जवळ आले की आपल्या कोपऱ्याकडे पळते. चौघांचे चार स्वभाव, आणि चौघांना काम. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पाठलाग अखंड नसतो. पहिल्या पातळीवर भुते सात सेकंद आपापल्या कोपऱ्यांकडे वळतात, मग वीस सेकंद पाठलाग करतात, मग पुन्हा उसंत. दम घ्यायला जागा नसेल तर माणूस खेळ सोडून जातो, हे यंत्र करणाऱ्याला कळले होते. ते यंत्र दाखवून भाषणे करणाऱ्यांना कळत नाही!

माझा एक जुना विद्यार्थी शहरात मालाच्या गोदामावर देखरेखीला आहे. हाताखाली बारा माणसे. त्याला अशाच एका शिबिराला पाठवले होते. पडद्यावर पॅक-मॅन, खाली वाक्य: एकही ठिपका सोडू नका. पुढच्याच आठवड्यात बाराही जणांचा रोजचा कामाचा आकडा वाढवून आला. तो मला विचारत होता, “गुरुजी, खेळात तोंड कधी थकत नाही. माझ्याकडे एकाची कंबर धरली आहे. तो ठिपका की भूत?” मी पंचवीस वर्षे मुलांचे प्रश्न ऐकतो आहे, यापेक्षा नेमका प्रश्न मी ऐकलेला नाही. माणसाला ठिपका म्हणायची सवय एकदा जिभेला लागली, की त्याला गिळताना ठसका लागत नाही. माझे भांडण आहे ते याच्याशी.

कोणी म्हणेल, मास्तर, खेळातून शिकवू नये काय? अवश्य शिकवावे. परंपरा ज्याचे श्रेय ज्ञानेश्वर माउलींना देते तो मोक्षपट आपल्याकडे होताच. पण त्यात शिड्या सद्गुणांच्या होत्या आणि साप दुर्गुणांचे होते; ज्याने पट मांडला त्यानेच धडा मांडला होता, आणि खेळणाऱ्या पोराला तो उघड्या डोळ्यांनी दिसत होता. पॅक-मॅनमध्ये असा धडा कोणी ठेवलेला नाही. तो मागाहून आणून चिकटवला, आणि चिकटवणाऱ्याने त्याची फी घेतली.

तेव्हा वाचकहो, तुमच्या मुलाला, सुनेला किंवा जावयाला अशा शिबिराचे बोलावणे आले, तर त्यांनी खुशाल जावे, चहा-बिस्किटे घ्यावीत. मात्र उठून एक प्रश्न विचारावा. ज्या खेळाने जगभर नाण्यांचा पाऊस पाडला, तो खेळ रचणाऱ्या इवातानीला त्याबद्दल वेगळे काय मिळाले? त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे की खास बक्षीस असे काही मिळाले नाही. तो कंपनीचा एक नोकर होता. पुढे 2007 पासून तो तोक्योच्या एका विद्यापीठात शिकवू लागला, हे ऐकून माझ्यातल्या मास्तराला बरे वाटले. पण व्यवस्थापनाचा धडा हवाच असेल, तर शिबिरात आधी या जमाखर्चाचे उत्तर द्यावे. ते देता येत नसेल, तर पडदा बंद करावा आणि ते यंत्र मुलांच्या स्वाधीन करावे. ती ते निदान खेळ म्हणून तरी खेळतील.