भांडणाचें गाणें कोणीं लिहावें ?

मराठी गीताला मीठ नाहीं, असा एक नवा आक्षेप हल्लीं कानांवर येतो. छत्रपती संभाजीनगरांतील एका घरगुती बैठकींत एका सुशिक्षित गृहस्थांनीं तो मोठ्या आवेशानें मांडला. त्यांचें म्हणणें असें कीं, लेनन व मॅकार्टनी यांची जोडी १९७० सालीं फुटली आणि दुसऱ्याच वर्षीं त्या फुटीचें गाणें झालें. आमच्याकडे मात्र जोड्या जमतात, कुरकुरतात, विरतात, पण त्यांवर एक ओळहि कोणी लिहीत नाहीं. सबब आम्ही भित्रे !

गृहस्थांनीं गाणें ऐकलें आहे. तें घडतें कसें याचा विचार केलेला नाहीं. लेनन काय किंवा मॅकार्टनी काय, प्रत्येकजण स्वतःच कवि, स्वतःच संगीतकार आणि स्वतःच गायक. गाणें एकट्यानें रचलें तरी नांवें दोघांचीं, असा त्यांचा रिवाज. जोडी फुटली तेव्हां प्रत्येकाच्या हातीं सगळें शस्त्रागार शाबूत राहिलें. १९७१ सालीं मॅकार्टनीनें आपल्या तबकडींत चिमटा काढला. लेनननें त्याच वर्षीं 'हाऊ डू यू स्लीप?' या गाण्यानें त्याची सव्याज परतफेड केली.

आतां आमच्याकडे पाहा. माडगूळकरांचे शब्द, फडक्यांची चाल. १ एप्रिल १९५५ पासून पुणें आकाशवाणीवर गीतरामायणाचीं ५६ गीतें झालीं तीं या वांटणीवर. या दोघांत बिनसलें असतें (बिनसलें होतें कीं नाहीं, याची चौकशी करण्याची मला हौस नाहीं), तर कवीनें आपलें रागाचें गाणें चालीसाठीं न्यावें कोणाकडे ? त्याच फडक्यांकडे ? दुसऱ्या कोणाकडे न्यावें, तर उसन्या भांडणाला मनापासून चाल कोण लावील ? आणि संगीतकारानें उत्तर द्यावयाचें तर शब्द कोणाचे ? नुसत्या भैरवीनें कोणाला टोमणा मारतां येत नाहीं. ज्याला गृहस्थ भित्रेपणा म्हणतात, ती श्रमविभागणी आहे.

शिवाय त्यांचा दाखला अर्धाच. लेननची हत्या ८ डिसेंबर १९८० रोजीं झाली. १९८२ सालीं मॅकार्टनीनें 'हिअर टुडे' या गाण्यांत गेलेल्या मित्राशीं संवाद कल्पिला. मला हेंच गाणें मोठें वाटतें. त्याच्या तोडीचें आमच्याकडेहि आहे, फक्त तें नवें लिहिलेलें नाहीं. माडगूळकर १४ डिसेंबर १९७७ रोजीं गेले. फडके २९ जुलै २००२ पर्यंत होते, आणि मित्राच्या पश्चात् गीतरामायण गातच राहिले. शब्द देणारा गेल्यावर त्यांनीं दुसरें काय गावयाचें होतें ?

दोषच काढावयाचा तर तो श्रोत्यांत आहे. ना. धों. महानोर हे आमच्याच जिल्ह्यांतल्या पळसखेडचे. १९७७ च्या 'जैत रे जैत' चित्रपटाचीं गीतें त्यांचीं, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचें. पण आमच्या सभागृहांत निवेदक आधीं गायिकेचें नांव घेतो, मग सवड असल्यास संगीतकाराचें. कवीचें नांव तबला जुळविण्याच्या ठोक्यांत बुडून जातें. महानोर ३ ऑगस्ट २०२३ रोजीं वारले. जोडीची ताटातूट मृत्यूनें व्हावयाची ती होते. ती आम्ही त्यांच्या हयातींतच, दर कार्यक्रमांत, करीत आलों.

त्या बैठकीच्या अखेरीस आमच्या गृहस्थांनीं 'जैत रे जैत'मधील एक गीत आग्रहानें म्हणवून घेतलें. गीत कोणाचें, असें मीं विचारलें. "लताबाईंचें," असें त्यांनीं तात्काळ सांगितलें. आणि लिहिलें कोणीं, असें विचारतांच ते मोबाइलवर शोधूं लागले.