महासंगणक आले; मेमरीचा हिशेब कोण शिकवणार?

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानातला हा महत्त्वाचा टप्पा होता आणि त्याचे कौतुक रास्तच आहे. अशा बातम्यांत साधारणपणे दोन आकडे ठळक छापले जातात: खर्च किती कोटी आणि वेग किती पेटाफ्लॉप. अनेक वैज्ञानिक प्रश्नांचे भवितव्य ठरवणारा तिसरा आकडा, म्हणजे मेमरी, मात्र कोपऱ्यात राहतो.

त्या आकड्याचे महत्त्व महासंगणकापासून दूर, एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कळते. विद्यार्थ्यापुढे १६ गिगाबाइट रॅमचा संगणक असतो आणि ‘नाविक’ या भारतीय उपग्रह दिशादर्शन प्रणालीसाठी छोटा पॅच अँटेना तयार करायचा असतो. सिम्युलेशन सुरू होते, अर्ध्यावर येते आणि ‘मेमरी अपुरी’ असे सांगून बंद पडते. मग जाळी थोडी जाड केली जाते, आणखी थोडी जाड केली जाते आणि अखेर गणित पूर्ण होते. रंगीत आलेख मिळतात, प्रबंधात चिकटवले जातात. उत्तर मिळाले, एवढ्यावर समाधान मानले जाते; ते बरोबर आहे का, हा प्रश्न मागे पडतो.

हा प्रश्न किरकोळ नाही. नाविकची एल-५ वारंवारता ११७६.४५ मेगाहर्ट्झ आहे आणि तिच्यासाठी राखलेला पट्टा २४ मेगाहर्ट्झचा, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना बारा-बारा. जाड जाळीमुळे अनुनादाची वारंवारता अवघी दोन टक्के चुकली, तरी ती साडेतेवीस मेगाहर्ट्झने सरकते आणि थेट पट्ट्याबाहेर जाते. पडद्यावर उत्तम दिसणारा अँटेना हातात आल्यावर बहिरा ठरतो. मेमरीची टंचाई अशा रीतीने गुपचूप विज्ञानाच्या चुकीत रूपांतरित होते.

ही टंचाई येते कुठून? फायनाइट एलिमेंट पद्धतीत, म्हणजे सांत घटक पद्धतीत, अवकाशाचे छोट्या चतुष्फलकांत तुकडे केले जातात. विद्युतचुंबकीय प्रश्नांत अज्ञात राशी चतुष्फलकांच्या कोपऱ्यांवर नव्हे, तर कडांवर ठेवल्या जातात; ही मांडणी फ्रेंच गणिती नेदेलेक यांनी १९८० मध्ये पक्क्या पायावर उभी केली. समजा, अशा दहा लाख कडा आहेत. सर्व अज्ञातांचा सर्वांशी संबंध मांडणारी पूर्ण मॅट्रिक्स साठवायची, तर प्रत्येक संमिश्र संख्येला १६ बाइट धरून १६ टेराबाइट लागतील. परंतु प्रत्येक कड फक्त शेजारच्या कडांशीच बोलते. एका ओळीत सुमारे १६ शून्येतर संख्या धरल्या, तर त्या संख्या आणि त्यांची स्थाने मिळून सारे काही ३२० मेगाबाइटमध्ये मावते. मोबाइलमध्येही बसेल एवढीच ही मॅट्रिक्स!

अडचण तिच्या साठवणुकीत नाही, ती सोडवण्यात आहे. थेट पद्धतीने मॅट्रिक्सचे अवयव पाडताना जिथे शून्ये होती तिथे नव्या संख्या भरत जातात. हा भराव कमी ठेवण्यासाठी अज्ञातांना योग्य क्रम लावण्याची चतुर युक्ती अ‍ॅलन जॉर्ज यांनी १९७३ मध्ये दाखवली. तरीही त्रिमितीय प्रश्नात एक कठोर नियम उरतोच: घटकाची बाजू निम्मी केली, तर अज्ञात आठपट, अवयवांची मेमरी सुमारे १६ पट आणि गणनक्रिया सुमारे ६४ पट होतात. १६ गिगाबाइटमध्ये जेमतेम मावलेला प्रश्न जाळी एकदा दुप्पट बारीक करताच २५६ गिगाबाइट मागतो. ‘मेमरी स्वस्त होतेच आहे, थोडी जास्त घ्या’ हा सल्ला इथेच थिटा पडतो.

दुसरा मार्ग पुनरावर्ती पद्धतींचा. त्यांत अवयव पाडावे लागत नाहीत. उत्तराचा अंदाज पायरीपायरीने सुधारला जातो. पण फुकट काहीच मिळत नाही. १९८६ मध्ये साद आणि शुल्ट्झ यांनी मांडलेली जीएमआरईएस ही लोकप्रिय पद्धत मागची प्रत्येक पायरी लक्षात ठेवते. दहा लाख अज्ञातांच्या प्रश्नात ३०० पायऱ्या झाल्या, तर केवळ त्या आठवणींना ४.८ गिगाबाइट लागतात, म्हणजे मूळ मॅट्रिक्सच्या पंधरापट. मधूनच आठवणी पुसून नव्याने सुरुवात केली, तर मेमरी वाचते, पण उत्तराकडे जाणारी वाट लांबते, कधी संपतच नाही. शिवाय मॅक्सवेलची समीकरणे उष्णतावहनाच्या समीकरणांइतकी शांत स्वभावाची नाहीत. त्यांच्यासाठी खास तयार केलेले पूर्वसंस्कारक लागतात. हिप्टमायर यांचे १९९८ चे आणि हिप्टमायर-शू यांचे २००७ चे काम त्यामुळेच मोलाचे ठरले. वारंवारता वाढली की प्रदेशाचे तुकडे पाडून सोडवणाऱ्या पद्धतींकडे वळावे लागते.

याचा अर्थ असा की मेमरीचे नियोजन हे संगणक विकत घेणाऱ्याचे काम नसून प्रश्न मांडणाऱ्याचे आहे. रचनेत आरशासारखी सममिती असेल, तर अर्धाच भाग सोडवता येतो आणि मेमरी निम्म्याहूनही कमी लागते. मात्र तिथेही भौतिकीचे भान हवे. नाविकचे तरंग वर्तुळाकार ध्रुवित असतात. त्यासाठी पॅचचे दोन समोरासमोरचे कोपरे छाटले, की ती सममिती मोडते. सवयीने अर्धाच पॅच सोडवला, तर मेमरी वाचेल, उत्तर मात्र दुसऱ्याच अँटेनाचे येईल. जाळीचेही तसेच. पॅचच्या कडेशी क्षेत्र झपाट्याने बदलते, तिथे घटक बारीक हवेत. दूरच्या हवेत ते मोठे चालतात. सगळीकडे सारखी बारीक जाळी म्हणजे काळजीपूर्वक केलेली उधळपट्टी.

सर्वांत मोठी बचत होते ती कशाची जाळी करायची नाही, हे ओळखण्यात. पुण्यातील परम रुद्र ज्या रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी आहे, तिचेच उदाहरण घ्यावे. खोडदच्या जीएमआरटीमध्ये ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना आहेत. १४२० मेगाहर्ट्झला तरंगलांबी २१ सेंटिमीटर असते. एक तबकडी आणि तिचा नाभी सामावणारी ४५ मीटर लांब-रुंद, २० मीटर उंच पेटी कल्पिली आणि प्रत्येक तरंगलांबीत फक्त दहा घटक ठेवले, तर सुमारे ४३० कोटी घनाकार घटक होतात आणि कडा जवळपास १,३०० कोटी. नुसते अंतिम उत्तर लिहून ठेवायलाच २०० गिगाबाइट लागतील. ते काढायला किती, हे विचारू नये. पण नाभीपाशी बसणारा फीड काही तरंगलांबींचाच असतो. त्याची जाळी फायनाइट एलिमेंटने करावी आणि तबकडीचा परिणाम पृष्ठभागावरील प्रवाहांवरून काढावा, ही परावर्तक अँटेनांच्या अभ्यासातील रूढ वाट आहे. मग तोच अशक्य प्रश्न चांगल्या टेबल-संगणकाच्या आवाक्यात येतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण इथे काटकसरीचा नव्हे, तर बुद्धीचा उपदेश ठरते.

यावर एक आक्षेप संभवतो: राष्ट्रीय महासंगणक हाताशी असताना हा खटाटोप कशाला? पण यंत्राचा मिरवला जाणारा वेग लिनपॅक चाचणीतून येतो आणि ती चाचणी पूर्ण भरलेली मॅट्रिक्स सोडवते. फायनाइट एलिमेंटची मॅट्रिक्स विरळ. तिथे प्रोसेसर बहुतेक वेळ मेमरीतून आकडे येण्याची वाट पाहत बसतो. हे वास्तव दाखवण्यासाठीच एचपीसीजी ही दुसरी चाचणी तयार झाली आणि तीत जगातील बलाढ्य यंत्रेही आपल्या कमाल वेगाच्या काही टक्क्यांवरच येतात. अविचाराने मांडलेला प्रश्न मोठ्या यंत्रावर नेला, तर तो तिथेही अविचारीच राहतो. फक्त खर्च सार्वजनिक होतो.

म्हणून मागणी साधी आहे. विद्युतचुंबकीय सिम्युलेशनवर आधारलेल्या प्रत्येक प्रबंधात अज्ञातांची संख्या, कमाल वापरलेली मेमरी आणि किमान तीन जाळ्यांवरील उत्तरांचा तक्ता असावा. जाळी बारीक करताना उत्तर स्थिरावत नसेल, तर तेही प्रामाणिकपणे लिहावे. असे लिहिण्याबद्दल गुण कापले जाऊ नयेत. महासंगणकावर वेळ मागणाऱ्या अर्जात कोअरच्या संख्येइतकेच महत्त्व मेमरीच्या अंदाजाला असावे. अभ्यासक्रमात बटणे दाबण्याच्या प्रात्यक्षिकाबरोबर विरळ मॅट्रिक्स हाताने मांडण्याचा एखादा तास असावा. जीमेश, पेटएससी, मम्प्स यांसारखी मुक्त साधने त्यासाठी पुरेशी आहेत. मम्प्समध्ये तर अवयव डिस्कवर ठेवून रॅम वाचवण्याची सोयही आहे. यांतल्या कशालाही नवे शेकडो कोटी लागत नाहीत.

देशाने यंत्रे उभारली, हे उत्तम झाले. १६ गिगाबाइटच्या संगणकासमोर बसलेल्या विद्यार्थ्याला आपली जाळी का जाड करावी लागली आणि त्याने उत्तर किती बिघडले, हे सांगता येऊ लागेल, तेव्हा ती यंत्रे खऱ्या अर्थाने कामाला लागतील.

#विज्ञानवार्ता #महासंगणन #विद्युतचुंबकीय