वरातीमागून न्याय

मंजुरी देताना चूक झाली हे न्यायालयाला पटले, तरी त्या मंजुरीच्या जोरावर चाललेले बांधकाम थांबत नाही. अमेरिकेत टेक्सासमधील ब्राउन्सविलजवळच्या ‘रिओ ग्रांदे’ आणि ‘टेक्सास एलएनजी’ या वायू निर्यात प्रकल्पांबाबत नेमके हेच घडले.

तेथील संघीय ऊर्जा नियामक आयोगाने २०१९ मध्ये दोन्ही प्रकल्पांना हिरवा कंदील दाखवला. गरीब आणि अल्पसंख्य वस्त्यांवरील परिणाम पाहिला तो जेमतेम दोन मैलांच्या परिघात. प्रदूषण त्याहून कितीतरी दूर जाते, हे आयोगाच्याच कागदपत्रांत होते. २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने त्यावर बोट ठेवून फेरविचार करायला सांगितले, मंजुरी मात्र कायम ठेवली. आयोगाने परीघ ५० किलोमीटरपर्यंत वाढवला, पण पूरक पर्यावरण अहवाल काढून लोकांच्या रीतसर हरकती मागवल्या नाहीत. प्रकल्पाजवळच्या इस्ला ब्लांका येथील हवामापन केंद्राच्या नोंदीही विचारात घेतल्या नाहीत. तरीही २०२३ मध्ये पुन्हा मंजुरी दिली.

ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली. तोवर ‘रिओ ग्रांदे’ने १८ अब्ज डॉलरहून अधिक निधी उभारून काम सुरूही केले होते. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने रद्दबातल करण्याचा आदेश मागे घेतला. दोन महिन्यांनी, यूटातील एका रेल्वेमार्गाच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण अहवालांबाबत सरकारी यंत्रणांच्या निर्णयाचा मान राखा, असे खालच्या न्यायालयांना बजावले.

न्यायाधीशांनी तज्ज्ञांची खुर्ची बळकावू नये, हे मान्य. अडलेल्या प्रकल्पाचे व्याज कुणाला तरी भरावे लागते, हेही खरे. पण मग छाननी बांधकामाआधीच व्हायला हवी. फेरसुनावणीच्या काळात बांधकाम रोखणारा २०२० चा नियम आयोगाने २०२५ मध्ये उलट बाजूला सारला.

हा वाद दूरचा मानण्याचे कारण नाही. अमेरिकेच्याच लुइझियानातील सबीन पास वायू निर्यात केंद्राहून ‘गेल’ या आपल्या सरकारी कंपनीच्या करारातील वायूचे पहिले जहाज मार्च २०१८ मध्ये आपल्या दाभोळलाच लागले. वायूची गरज आपल्यालाही आहे. म्हणून तो जिथून निघतो तिथल्या रहिवाशांची हरकत काँक्रीट ओतण्याआधी ऐकली जावी, ही अपेक्षा अवाजवी ठरत नाही. कायद्याने ठरावीक मुदतीत सुनावणी संपवावी आणि तोवर कुदळही मारू देऊ नये. गुंतलेला पैसा पाहून निकालाची धार बोथट होत असेल, तर ती न्यायालयीन छाननी नव्हे; तो निव्वळ उपचार आहे.