रक्तदाब आणि अर्धपोटी माणसे

रक्तदाब व मधुमेह हे सुस्थितांचे रोग, ही समजूत पक्षाच्या कार्यकर्त्यांतही रूढ आहे. ‘सर्च’ संस्थेने २०११ ते २०१३ या काळात गडचिरोलीतील ८६ खेड्यांतल्या मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा दर सात मृत्यूंत एक पक्षाघाताचा निघाला. त्यांतले बहुतेक घरीच मेले.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, माणिकगड पहाडावरील जिवतीच्या कोलाम व गोंड गुड्यांत, कुपोषण हाच काय तो प्रश्न मानला जातो. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतील मातांचा जो अभ्यास केला, त्याने ही दोन्ही टोके जोडली. अर्धपोटी मातेचे मूल वजनाने हलके, तरी त्या मानाने अधिक चरबीचे जन्मते. पुढे त्याचे शरीर इन्शुलिनला दाद न देण्याचा धोका वाढतो. मग स्वादुपिंड ते अधिक स्रवते, मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात, धमन्यांच्या भिंती ताठरतात. लवचीक धमनी हृदयाचा ठोका झेलते. ताठर धमनी तो तसाच मेंदूच्या नाजूक वाहिन्यांवर आदळू देते. रक्तदाबाने ताठरपणा, ताठरपणाने पुन्हा रक्तदाब. सावकारी व्याजाचेच हे चक्र!

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला महिना ३५ किलो धान्याचा हक्क दिला, डाळीचा नाही. रक्तदाबाची गोळी स्वस्त आहे, पण ती रोज घ्यावी लागते. आणि दर महिन्याला दवाखाना गाठायचा तर मजुरी बुडते. जिवती तहसिलीवर पुढचा मोर्चा जाईल तेव्हा जमिनीच्या पट्ट्यांच्या मागणीखाली दोन ओळी वाढवाव्यात: शिधापत्रिकेवर डाळ, आणि गुड्यातच गोळ्या.