शिक्षकांचा संकल्प आणि शासनाचे कर्तव्य

शिक्षणातील परिवर्तन मंत्रालयातून निघणाऱ्या परिपत्रकांनी घडते, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. अनुभव मात्र निराळा आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे व त्यांच्या सहकारी शिक्षकांनी, बीटमधील एकही मूल मागे राहता कामा नये, असे ध्येय स्वतःच स्वतःला घालून घेतले. फरशीवर आखलेल्या तक्त्यांभोवती बसून, खडे, बिया, काड्या हाताळत मुले अंक आणि अक्षरे शिकू लागली. राज्यभरातून शिक्षक ते पाहण्यास गेले आणि परतून आपापल्या शाळेत कामाला लागले. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रा’चा शासननिर्णय निघाला तो २२ जून २०१५ रोजी. शिक्षक आधी चालले, शासन मागाहून आले.

या परस्परशिक्षणाला पुढे मोबाईलची जोड मिळाली. एका पाड्यावरच्या एकट्या शिक्षकाने रचलेला पाठ रात्रीतून दुसऱ्या जिल्ह्यात पोहोचू लागला. माढा तालुक्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली दहा लाख डॉलरचे जागतिक पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. ज्ञान वाटल्याने वाढते, या श्रद्धेचेच ते कृतिरूप होते.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. जो मोबाईल शिक्षकाला शिक्षकाशी जोडतो, त्याच मोबाईलवर वरून माहितीचे तक्ते, छायाचित्रे आणि अहवाल तातडीने मागवले जातात. जी फरशी शोधबुद्धीने रंगवली गेली, तीच अनेक ठिकाणी आदेशाने रंगवली गेली आणि केवळ तपासणीची बाब ठरली. ध्येय शिक्षकाचे असते तोवर ते प्रेरणा असते. वरून लादले की त्याचे उद्दिष्ट होते आणि रकाना भरला की ते संपते.

शिवाय गुणी शिक्षकांचा गौरव करून आपली जबाबदारी झटकण्याची सवय राज्यकर्त्यांना जडली आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च करावी, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात तेच वचन पुन्हा द्यावे लागले. प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकाला २०२३ पर्यंत दरमहा सहा हजार रुपये मानधनावर राबवण्यात आले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका वगळता अन्य अशैक्षणिक कामांना मज्जाव केला आहे. तरीही शिक्षकाच्या माथी कोणती कामे मारली जातात, हे त्यालाच विचारावे. व्यक्तीचा त्याग ही शासनाच्या कर्तव्याची भरपाई होऊ शकत नाही.

म्हणून शिक्षकांच्या या स्वयंप्रेरित गटांनी पाठांची देवघेव करावीच. त्याबरोबर रिक्त पदे, गळकी छपरे आणि अशैक्षणिक कामे यांचीही नोंद ठेवावी. वैयक्तिक ध्येयाचे सामुदायिक मागणीत रूपांतर झाल्याखेरीज व्यवस्था हलत नाही. आमच्या कार्यकर्त्यांचे कामही स्पष्ट आहे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. गावोगावच्या या समित्या कागदावरून उठवून जिवंत करा. मजुराच्या, शेतकऱ्याच्या मुलासाठी जो शिक्षक झटतो आहे, त्याला एकटे पडू देणे हा त्या मुलाशी केलेला द्रोह ठरेल.