आढ्याखालचा कोन

शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या कौलारू घरात शिरून मान वर करावी. विशालकोनाची व्याख्या मग पाठ करावी लागत नाही. दोन्ही पाखी 30 अंशांनी उतरत असतील, तर आढ्याखाली 120 अंशांचा कोन होतो, म्हणजे 90 हून मोठा आणि 180 हून लहान. गवताच्या छपराला जास्त उभा उतार द्यावा लागतो, नाहीतर इथला पाऊस आत झिरपतो. हा उतार 45 अंशांपुढे गेला की आढ्याखालचा तोच कोन लघुकोन होतो. स्लॅब पडला की 180, सरळकोन (आणि दोन-चार पावसाळ्यांनी गळतीची तक्रार!). काटकोनाचं काम गवंड्याचं. भिंतीला तो गुण्या लावतो. पाया आखताना मात्र एका दोरीवर 3 फूट, दुसरीवर 4 फूट खूण करून तिरकं अंतर बरोबर 5 फूट भरतंय का ते बघतो, पायथागोरसचं नावही न घेता. सगळ्यात उपेक्षित तो 180 ते 360 मधला प्रविशाल कोन. मुलं तो परीक्षेपुरता काढतात आणि विसरतात. शिक्षकांनी त्यांना एकदा वर्गाबाहेर नेऊन शाळेच्याच भिंतीचा कोपरा दाखवावा: आतून 90, बाहेरून 270.