रंग हा दागिना नव्हे

चित्रांत रेषा हें शरीर व रंग हा त्यावरचा दागिना, असें मत आमच्या साहित्यिक मंडळींत अद्यापि मोठ्या आत्मविश्वासानें बोललें जातें. फ्रान्समधील दृक्प्रत्ययवादी निसर्गचित्रकारांविषयीं तर निकाल ठरलेलाच : रेखाटन कच्चें, आशय शून्य, उरली ती रंगांची चैन. आम्हांस हें मत सर्वस्वीं अग्राह्य वाटतें.

ज्या चित्रावरून या पंथास नांव मिळालें, तें क्लोद मोने याचें ल हाव्र बंदरांतील सूर्योदयाचें चित्रच घ्या. १८७४ सालीं पॅरिसमध्यें तें मांडलें गेलें, तेव्हां लुई लरुआ या टीकाकारानें त्याच्या नांवांतील ‘इम्प्रेशन’ हा शब्द उचलून साऱ्या प्रदर्शनाची टर उडविली. धुकट निळसर-करडें आकाश, पाण्यावर होड्या आणि एक नारिंगी बिंब. एवढाच काय तो ऐवज. पण या चित्राचें कृष्णधवल छायाचित्र काढून पाहावें. सूर्य जवळजवळ नाहींसा होतो! कारण तें बिंब भोंवतालच्या आकाशाहून फारसें उजळ रंगविलेलेंच नाहीं. तें डोळ्यांपुढें थरथरतें तें केवळ नारिंगी व निळा यांच्या विरोधामुळें. दागिना उतरवितांच शरीरच अदृश्य होत असेल, तर त्यास दागिना कोणत्या न्यायानें म्हणावें? (आणि तरीही कलेवरील मराठी पुस्तकांत करडीं चित्रें छापण्याची काटकसर चालते, कवितेचें गद्य करून तिच्या नादावर अभिप्राय मागावा, तसाच हा प्रकार.)

सावली निळी कशी, हा दुसरा आक्षेप. मोनेच्याच १८६८-६९ मधील ‘मॅग्पाय’ या चित्रांत कुंपणाची बर्फावरील सावली निळसर आहे. १८६९ च्या सालों प्रदर्शनाच्या परीक्षकांनीं तें नाकारलें. परंतु ऊन अडलें तरी निरभ्र आकाशाचा उजेड बर्फावर पडतोच, व तो निळा असतो. सावली काळी, ही समजूत आम्ही शब्दांवरून घेतली आहे.

राहिला आशय. १८९१ सालीं मोनेनें धान्याच्या गंज्यांचीं १५ चित्रें एकत्र मांडलीं. विषय तोच, बदलतात ते प्रहर, ऋतु व हवा. यांत सांगितलें काय, असें आमचे मित्र विचारतात. याच मित्रांना भैरव सायंकाळीं गाइलेला खपत नाहीं! प्रहरालाही आशय असतो, हें तेथें त्यांस कोणी समजावून द्यावें लागत नाहीं.